पाच नंबरचा नवरा

२७ जून

कप्तान,

सप्रेम नमस्कार. यातलं 'सप्रेम' सवयीने पडलंय, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी भांडते आणि तू 'हं' म्हणतोस. पत्रात निदान तुझं 'हं' ऐकू येत नाही.

तुझ्या नव्या कराराची बातमी मला आपल्या कन्येने दिली. चहा पिताना मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "आई, बाबांनी अजून एका वर्षाची सही केली." तुझ्या तोंडून नाही, पत्रातून नाही, क्लबच्या पानावरून मला कळलं की माझा नवरा या वर्षीही घरी येणार नाही. फोटोत तू अध्यक्षांच्या शेजारी बसलायस, हातात पेन, गळ्यात क्लबचा मफलर, आणि सगळे दात दाखवून हसतोयस. त्यातले पुढचे दोन मी केलेले आहेत, हे अध्यक्षांना सांगितलंस का? आपल्या लग्नाच्या फोटोत तू असा हसलेला नाहीस. मी मुद्दाम अल्बम काढून पाहिला. तिथे तू फ्री किक अडवायला भिंतीत उभा राहिल्यासारखा उभा आहेस.

आपलं काय ठरलं होतं ते तुला आठवत नसेल तर सांगते. मी इथल्या दातांच्या लॅबमध्ये विभागप्रमुख म्हणून यायचं, कन्येने इथल्या शाळेत जायचं, आणि तू तो एक हंगाम संपवून मागून यायचं. हंगाम संपला. कपाटातला एक कप्पा मी तुझ्यासाठी रिकामा ठेवला होता. कालपासून कन्या त्यात तिचे बूट ठेवायला लागली आहे.

बरं, क्लब तरी कसला म्हणावा! तिसरी श्रेणी. वर चढत नाही आणि धड खालीही पडत नाही. मैदानावरच्या चार दिव्यांपैकी एक कायम बंद. आंघोळीचं गरम पाणी पहिल्या दोघांना मिळतं, आणि तू कप्तान म्हणून शेवटी जातोस. ऐन उमेदीत तुला वरच्या श्रेणीतून बोलावणं आलं होतं. "क्लब अडचणीत आहे, आत्ता कसा सोडू?" म्हणून तू राहिलास. तुझा जोडीदार लंबू गेला. तुम्ही दोघं स्टॉपर, गोलपुढे मध्ये उभे राहून बॉल अडवणारे, एकाच वयाचे, एकाच ताकदीचे, आणि आज त्याला आपण टीव्हीवर बघतो. पाच नंबरच्या जर्सीतल्या तुला लोक 'कुलूप' म्हणतात, बॉल पलीकडे जात नाही म्हणून. कुलूपही जात नाही कुठे, दाराला लटकून असतं.

मला लंबूच्या बायकोचा हेवा वाटत नाही. वाटतो. खोटं कशाला बोलू? पण तिच्या घराचा आणि गाडीचा नाही. लंबूने क्लब सोडला तो बायकोला विचारून सोडला, त्याचा वाटतो.

एखादी बाई असती तर बरं झालं असतं बघ. सरळ जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. या सवतीला झिंज्याच नाहीत, नुसतं गवत आहे, आणि तेही गोलपुढे उडालेलं.

तुझी
कागदोपत्री बायको

१४ सप्टेंबर

कप्तान,

तुझं कार्ड मिळालं. "मी बरा आहे. गुडघा बरा आहे. कन्येला सांग." काय सांगू कन्येला? पुढचे शब्द टपालात गळाले की तू लिहिलेच नाहीस?

आता कामाचं. परवाच्या सामन्याचे फोटो कन्या दाखवत होती. त्यात तू बोगद्यातून मैदानात येतोयस आणि तुझ्या शेजारी क्लबची नवी फिजिओ आहे. उंच आहे. केस बांधायची पद्धत चांगली आहे. तिच्या हातात एक निळी डबी आहे.

ती डबी माझी आहे. मलमाची होती, मी उकळून धुऊन तुझ्या दातांसाठी दिली होती. सामन्याआधी ती कोणाच्या हातात असायची याची मी तुला आठवण करून द्यायची का?

देतेच. तू पहिल्यांदा तिथल्या माझ्या जुन्या लॅबमध्ये आलास तेव्हा तोंडात बोळा होता आणि पुढचे दोन दात कोणाच्या तरी कोपरावर गेले होते. एरवी आम्हाला पेशंटचं तोंड दिसत नाही, फक्त साचा येतो. पण तुझ्या दातांचा रंग डॉक्टरांच्या कुठल्याच पट्टीशी जुळेना, म्हणून त्यांनी तुलाच वर पाठवलं. मी तुला खिडकीपाशी उभं केलं, ओठ वर धरला आणि एकेक नमुना लावून पाहिला. तू डोळे मिटून घेतलेस. मी म्हटलं, "अहो, मी काढत नाहीये, लावतेय." तू म्हणालास, "हं." तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. माणसाचं नशीब फिरायला एवढंसं कारण पुरतं.

लग्नानंतर प्रत्येक सामन्याआधी तू कठड्यापाशी यायचास, पाठ फिरवून दात काढायचास आणि डबी माझ्या हातात द्यायचास. मागच्या रांगेतली म्हातारी मंडळी हसायची. एकदा एक आजोबा ओरडले, "वहिनी, त्याला चावू देऊ नका हं आता!" मला लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा. सबंध मैदानात तुझ्या तोंडातली वस्तू धरायचा मान माझा एकटीचा होता. आता मी तिथे नाही, डबी कोणाकडे तरी द्यावी लागणार, हे मला कळतं. पण कपडे-बूट सांभाळणारे किटवाले काका आहेत, राखीव गोलकीपर आहे. तिच्याकडेच का?

मला काही फरक पडत नाही. सहज विचारलं.

सोबत दातांची नवी पट्टी पाठवतेय. जुनी सैल झाली असेल, तुझ्या जुन्या साच्यावरच केली आहे. छान घट्ट बसेल. वापर.

तुझी बायको

३ नोव्हेंबर

कप्तान,

कन्येने सगळं हसत हसत सांगितलं. तू तिला फोनवर एवढं मोठं काही सांगितलंस याचंच मला आधी नवल वाटलं.

ठीक आहे, कबूल. पट्टी मी मुद्दाम घट्ट केली. तिचे तारेचे आकडे जरा जास्तच आवळले. दात काढताच येऊ नयेत आणि कोणाच्या हातात डबी द्यायचा प्रश्नच येऊ नये, एवढाच माझा विचार होता. ड्रेसिंग रूममध्ये सगळा संघ तुझ्याभोवती जमेल, पंच दार वाजवतील, किटवाले काका चमचा घेऊन येतील, असं मला कुठे माहीत होतं? आणि शेवटी ती पट्टी काढली कोणी, तर फिजिओबाईंनी. तुझ्या जबड्याखाली एक हात धरून आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तुझ्या तोंडात घालून.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. लॅबमध्ये भट्टीत ठेवलेले एका आजींचे दात करपवले.

पट्टी परत पाठव, सैल करून देते.

आता दुसरी गोष्ट. इथल्या क्लबला स्टॉपर हवा आहे. तोही तिसऱ्याच श्रेणीतला, पण चारही दिवे लागतात. त्यांचे कोच मध्यंतरी दाढेची टोपी बसवायला आमच्या डॉक्टरांकडे येत होते. जानेवारीत खेळाडूंची अदलाबदल सुरू झाली की तुला विचारणार आहेत, असं कानावर आलं.

कानावर आलं म्हणजे, मीच घातलं. टोपीचा रंग बघायला त्यांना खिडकीपाशी उभं केलं होतं, तोंड उघडं होतं, मध्ये बोलू शकत नव्हते. मी म्हटलं, माझा नवरा अजून दोन हंगाम सहज खेळेल, डाव्या पायाने लांब पास देतो, आणि कधी कुठल्या पंचाशी भांडलेला नाही. त्यांनी तुझं नाव आधीच ऐकलेलं होतं. मान हलवून हो म्हणाले.

मैदान घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. क्लब सोड असं मी कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणतेय. तू आलास तर मला कळेल की क्लब आणि मी, या दोघींमधून तू मला निवडलंस. दुसरं काही मला नको.

बायको

८ डिसेंबर

कप्तान,

परवा मी आले होते.

तुला कळवलं नाही. कन्येला सांगितलं की लॅबचं काम आहे, आणि तिला मैत्रिणीकडे ठेवलं. पाहुण्यांच्या बाजूचं तिकीट काढलं, म्हणजे आपल्या बाजूच्या मंडळींना दिसायला नको. डोक्याला रुमाल बांधून, परक्या संघाच्या लोकांत, चोरासारखी बसले. स्वतःच्या नवऱ्याला बघायला!

फिजिओबाईंना बघायला आले होते, खरं सांगायचं तर. बघितलं. मध्यंतराआधी तुझा गुडघा आखडला तेव्हा त्या धावत आल्या, पाय दाबला, उठवला, पाठीवर थाप मारली आणि लगेच पलीकडच्या पोराच्या घोट्याकडे वळल्या. त्यांना तू म्हणजे एक गुडघा आहेस. माझ्या मनातलं ते भूत तिथल्या तिथे उतरलं. मी सुटकेचा श्वास टाकणार होते.

पण मग मला तुझा आवाज ऐकू आला.

आपली जागा नेहमी मधल्या रेषेजवळ असायची, तिथे फक्त गोंगाट. पाहुण्यांची बाजू तुमच्या गोलच्या मागे आहे. उत्तरार्धात तू माझ्यापासून इतका जवळ होतास की थुंकलेलंही ऐकू येत होतं. आणि तू बोलत होतास. सतत बोलत होतास. "मागे बघ, मागे! डावीकडे सरक. सोड, सोड, माझा! शाब्बास राजा. घाबरू नकोस, मी आहे ना. वर चला, वर चला. चुकलं तर चुकलं, पुढचा बघ." त्या नव्या उजव्या बॅकचा पास चुकला, गोल होता होता राहिला, पोराचा चेहरा उतरला. तू त्याच्याजवळ गेलास, मानेवर हात ठेवलास आणि केवढं तरी बोललास. तो हसला.

मी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. शेजारचा माणूस म्हणाला, "अहो, एकाच गोलने तर मागे आहोत, रडताय कशाला?"

मला वाटायचं तू मुळात अबोल आहेस. तुझी आई म्हणायची, "याला लहानपणापासून शब्द मोजून मिळालेत." मी माझी समजूत घातली होती की नाहीत माणसाकडे शब्द, तर कुठून देणार? माझे वडील गेले तेव्हा तू माझ्या शेजारी बसून राहिलास आणि काही बोलला नाहीस, तेही मी त्याच खात्यावर मांडलं. कन्येच्या वेळी मी आत ओरडत होते आणि तू खुर्चीवर 'हं' म्हणत होतास. शब्द आहेत की तुझ्याकडे! पोत्याने आहेत. "घाबरू नकोस, मी आहे ना." हे वाक्य तू पाठ केल्यासारखं सहज म्हणालास, कालच्या पोराला. मी इतकी वर्षं त्या एका वाक्यासाठी तुझ्या तोंडाकडे बघतेय.

फिजिओचा, अध्यक्षांचा, लंबूच्या बायकोचा हेवा मी करून चुकले. आता त्या उजव्या बॅकचा करते. किती खाली आले बघ.

तुम्ही जिंकलात. तू आपल्या बाजूच्या लोकांना टाळ्या वाजवून अभिवादन केलंस. मी उलट्या बाजूच्या दाराने निघाले.

इथल्या कोचचा निरोप तुला पुढच्या महिन्यात येईल. विचार कर.

बायको

१९ जानेवारी

श्री. कप्तान यांस,

आपला नकार इथल्या कोचकडून समजला. त्यांचं म्हणणं, तुम्ही फार सभ्यपणे नाही म्हणालात. क्लब तळाला आहे, अशा वेळी सोडून गेलो तर लोकांना तोंड कसं दाखवू, असं म्हणालात म्हणे.

लोकांना दाखवायला तुमच्याकडे तोंड आहे, हे ऐकून आनंद झाला.

कन्या बरी आहे. कप्प्यात आता तिचे बूट, बॅडमिंटनची रॅकेट आणि जुनी वह्या-पुस्तकं आहेत.

२९ मे

ऐक,

आज 'अहो-जाहो' करायचं त्राण नाही, आणि टोमणे मारायचंही.

फिजिओबाईंचा फोन आला होता. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाल्या, "वहिनी, मी सांगणं बरोबर नाही, पण त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार." मग सगळं सांगितलं. शेवटच्या सामन्यात तू गोलच्या रेषेवरून पडता पडता बॉल बाहेर काढलास, क्लब श्रेणीत टिकला, लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. आणि पुढच्याच आठवड्यात नव्या कोचने तुला ऑफिसात बोलवायची तसदीही घेतली नाही. धुलाईच्या मशिनांपाशी, बोळात उभं करून सांगितलं की पुढच्या हंगामाच्या नियोजनात तू नाहीस. तू 'हं' म्हणालास, बूट पिशवीत भरलेस, किटवाल्या काकांशी हात मिळवलास. मग फिजिओच्या खोलीत जाऊन टेबलावर बसलास आणि रडलास.

रडलास तेही तिच्यासमोर.

पण तो राग मी बाजूला ठेवलाय, कारण त्याहून मोठा राग आला आहे. मला वाटलं होतं हा दिवस आला की मी नाचेन. सवतीने नवऱ्याला घराबाहेर काढलं, यापरतं सुख कोणतं? आणि मी काय केलं असेल? लॅबच्या जिन्यात उभी राहून तुझ्या क्लबला शिव्या दिल्या. मोठ्याने. खालून प्लंबर वर येऊन बघून गेला. कृतघ्न, निर्लज्ज बया! ज्या माणसाने तिच्यासाठी दात पाडून घेतले, गुडघा झिजवला, बायको-पोरगी दूर ठेवली, त्याला बोळात, मशिनच्या घरघरीत? खुर्ची नाही, चहा नाही?

त्यावर आज तुझं पत्र आलं. तुझ्या मानाने लांबलचक. "आता मी मोकळा आहे. तिकडे येतो. तू म्हणत होतीस ना."

नाही. येऊ नकोस.

मी म्हणत होते ते जानेवारीत. तेव्हा तुझ्या एका हातात ती होती आणि दुसऱ्या हातात मी. आता एक हात तिने झटकला म्हणून दुसरा माझ्याकडे वळतोय. तिने टाकलेला नवरा उचलून घ्यायला मी उंबऱ्यात बसलेली नाही. माझ्यात तेवढा ताठा आहे, आणि तो मोडायची माझी तयारी नाही.

एकच विचारते. उद्या नवा कोच गेला, अध्यक्षांनी निरोप पाठवला, "कुलूप, चूक झाली, परत ये," तर तू काय करशील? मला बरं वाटेल असं लिहू नकोस. खरं लिही. आणि ते लिहीपर्यंत इथे येऊ नकोस.

कन्येला मी सांगितलंय की बाबा विचार करतायत. ती म्हणाली, "बाबा?"

२ ऑगस्ट

ऐक,

दोन महिने लावलेस. मला वाटलं उत्तर येणारच नाही.

"गेलो असतो," असं लिहिलंयस. त्याच्या पुढे काही खोडलंय, मी कागद उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग एवढंच, की जूनमध्ये कोणी बोलावलं असतं तर विचार न करता गेलो असतो, आता तसं वाटत नाही, का ते सांगता येत नाही, खोलीत एकटा बसून असतो आणि कन्येचा आवाज आठवतो.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, खरं बोललास, भरून पावले. मी तेवढ्या मोठ्या मनाची नाही. 'गेलो असतो' वाचून मला इतका राग आला की पत्र चुरगळून टाकलं. मग उचलून हाताने सरळ केलं. लग्न झाल्यापासून मला न आवडणारी एक गोष्ट तू मला खरीखरी सांगितलीस, तीही पहिल्यांदाच. ते पत्र आता लॅबमधल्या माझ्या खणात आहे.

इथल्या क्लबला पोरांना शिकवायला माणूस हवाय, असं ऐकते. या वेळी खरंच फक्त ऐकते. मी तोंड उघडलेलं नाही आणि उघडणार नाही. तुला हवं तर तू जाऊन विचार.

तर आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. नव्या हंगामाचा पहिला सामना या शनिवारी आहे. अध्यक्षांना उशिरा का होईना लाज वाटली आहे, आणि सामन्याआधी ते तुला मैदानाच्या मध्ये बोलावून सत्कार करणार आहेत. सगळे लोक उभे राहणार आहेत, लंबूसुद्धा येणार आहे. तो झाला की रविवारी सकाळच्या गाडीने निघतो, चालेल का, असं विचारलंयस.

नाही चालणार.

रविवारचा तू मला पाठ आहेस. सुजलेला गुडघा, त्यावर बर्फ, सोफ्यावर आडवा, जेवायला उठवलं तर उठणार, नाहीतर तसाच झोपणार. तिचं झाल्यावर जो काही उरायचा तो रविवारी माझ्याकडे यायचा आणि मी तोच मुकाट्याने घ्यायची. उरलेला नवरा मला आता नको.

शनिवारी ये. दुपारी, तिकडे सामना सुरू होत असताना. ते तुझं नाव पुकारतील, लोक उभे राहतील, लंबू इकडेतिकडे बघेल, आणि तू तिथे नसशील. हा माझा कोतेपणा आहे, मला पुरता कळतो. तू तो सत्कार कमावला आहेस, त्या टाळ्यांवर तुझा हक्क आहे, आणि इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही. कन्या घरी असेल, तिला पहिली दोन मिनिटं तुझ्याशी काय बोलावं ते सुचणार नाही, आणि तुला तर नाहीच सुचणार.

तरी शनिवारच मागते. मी लॅबमध्ये सुट्टी टाकली आहे. का ते कोणाला सांगितलेलं नाही, कारण तू येशील की नाही हे मला खरंच माहीत नाही.